चौसष्ट नंबरचा डबा

माझ्यावर लबाडीचा पहिला संशय आला तो तुरीमुळे. साध्या, वरणाच्या तुरीमुळे. आज सांगताना हसू येतं, पण त्या सोमवारी तोंडाशी आलेले शब्द मला गिळावे लागले होते.

यवतमाळला एका लहानशा संशोधन केंद्रात मी काम करते. काम थोडक्यात असं, की शेतकऱ्यांच्या घरात अजून टिकून असलेली जुनी गावरान तूर गोळा करायची, तिच्या पानांतून डीएनए काढायचा, त्यातली अक्षरं वाचून घ्यायची आणि कुठली तूर कुठल्या तुरीची कोण लागते ते कॉम्प्युटरकडून काढून घ्यायचं. मर रोगानं शेजारची शेतं वाळून जातात तेव्हा काही घरांची तूर हिरवी उभी राहते. ती का उभी राहते हा आमचा खरा प्रश्न. पण आधी ती कुठली कोण हे कळायला हवं. सोयरीक जुळवतानाही आधी कूळच विचारतात.

एक हिवाळा आणि एक उन्हाळा जिल्हाभर फिरून मी चौसष्ट घरांची तूर आणली. कधी स्कूटीवर, कधी एसटीनं, एकदा तर कापूस भरलेल्या ट्रॅक्टरवर बसून. प्रत्येक घरची तूर एका प्लास्टिकच्या डब्यात, डब्यावर नंबर, आणि नंबरासोबत एक फॉर्म: शेतकऱ्याचं नाव, फोन, गाव, तालुका, बियाणं कधीपासून. या शेवटच्या रकान्यात मी जवळपास सगळीकडे एकच उत्तर लिहिलं, कारण ओसरीवर बसलेल्या पुरुषानं तेच सांगितलं. "आमच्या घरचीच हाय. बापजाद्यापासून." मी खूश व्हायचे. बापजाद्यापासूनची तूर म्हणजे त्या त्या गावच्या मातीत मुरलेली तूर, प्रत्येक तालुक्याची वेगळी. नकाशात कुठल्या तालुक्याला कुठला रंग द्यायचा हेसुद्धा मी ठरवून टाकलं होतं. बाजारात तुरी म्हणतात ते यालाच.

त्रेसष्ट डबे झाले आणि चौसष्टावं घर कुलूपबंद निघालं. दोनदा गेले, दोनदा कुलूप. आमच्या रोपांच्या ट्रेला आठ गुणिले आठ कप्पे होते आणि एक कप्पा रिकामा ठेवणं माझ्या जिवावर आलं. शेवटी मी फुलसावंगीजवळच्या आमच्या गावी गेले आणि आईच्या तुरीच्या डब्यात हात घातला.

"एवढी शिकली, जिल्हा पालथा घातला, अन् शेवटी माह्याच डब्यावर आली," आई म्हणाली.

फॉर्मवर मी वडिलांचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि सवयीनं पुढे लिहून टाकलं: बापजाद्यापासून. आई समोर उभी होती. तिला मी विचारलंसुद्धा नाही.

पावसाळ्यात रोपं उगवली. कोवळी पानं तोडून, गोठवून, कुटून, त्यांचा रस काढून, शेवटी बारीक नळीत अल्कोहोल ओतलं की तळाशी पांढरे तंतू तरंगायला लागतात. बोटाला चिकटलेला कापसाचा धागा असावा एवढेच. तो डीएनए. मी तो शेकडो वेळा पाहिला आहे आणि अजूनही दर वेळी नळी उजेडाकडे धरून क्षणभर थांबते. एक झाड कसं वाढावं, कधी फुलावं, शेंगेत किती दाणे भरावे, हे सगळं त्या धाग्यात लिहिलेलं असतं, आणि लिहायला अक्षरं फक्त चार. ते तंतू आम्ही बाहेरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतो. तिथून जे परत येतं ते धड पुस्तक नसतं. कुणीतरी पोथीचा चिवडा करून पोत्यात भरून पाठवावा तसे अक्षरांचे कोट्यवधी तुकडे येतात. ते जागच्या जागी बसवायचं काम कॉम्प्युटरचं. तो यंत्रांचा डोलारा कुठल्या तरी दूरच्या शहरात आहे. मी यवतमाळच्या खोलीत बसून त्याला चार ओळींचा हुकूम देते. एकदा हुकूम दिला आणि आमच्याकडची वीज गेली. मी अंधाऱ्या खोलीत बसून विचार करत होते, की या घडीला कुठेतरी ते यंत्र माझ्या चौसष्ट डब्यांची अक्षरं एकमेकांशी ताडून बघतंय, न थकता, न चिडता. मला साधी तूर निवडताना कंटाळा येतो.

हिवाळा लागता लागता झाड आलं. झाड म्हणजे पडद्यावरचं चित्र: ज्यांची अक्षरं जवळची त्या तुरी एका फांदीवर, लांबच्या त्या लांब फांद्यांवर, आणि प्रत्येक काडीच्या टोकाला डब्याचा नंबर. माझ्या नकाशातल्या तालुक्यांना त्यानं काडीचीही किंमत दिली नव्हती. पाच तालुक्यांतले एकोणीस डबे एका फांदीवर दाटीवाटीनं बसले होते. त्यात चौसष्ट नंबर होता, आणि त्याच्या अगदी शेजारी झरी जामणी तालुक्यातल्या एका जंगलाकाठच्या गावाचा डबा. आमचं गाव जिल्ह्याच्या या टोकाला, ते त्या टोकाला.

आमचे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, मला नेहमी 'तू' म्हणतात. त्या सोमवारी ते 'तुम्ही' म्हणाले.

"पाच तालुके, एकोणीस घरं, आणि तूर एकाच घरची? त्यातला एक डबा तुमच्या स्वतःच्या घरचा. मोकळे राहिलेले डबे घरच्या तुरीनं भरले असतील तर आत्ताच सांगा."

"मी असं केलं नाही, सर."

"मग कारण द्या. शुक्रवारी अहवाल जातोय. तोवर कारण मिळालं नाही तर हे एकोणीस नमुने काढून टाकू आणि हाताळणीत गडबड झाली असं लिहू."

हाताळणारी मी एकटी होते. ते वाक्य एकदा अहवालात गेलं की पुढे माझ्या हातचा एक दाणाही कुणी खरा मानणार नव्हतं. मी रागानं घरी आले आणि पोळ्या इतक्या जोरात लाटल्या की शेजारीण बघायला आली. राग ओसरल्यावर पुन्हा ती फांदी उघडली. तेव्हा एक गोष्ट दिसली. एकोणीस डबे जवळचे होते, पण एकसारखे नव्हते. प्रत्येकात थोडा थोडा फरक होता, आणि तो पायरीपायरीनं वाढत होता. एका पोत्यातून भरलेल्या डब्यांत अशा पायऱ्या येणार नाहीत. तुरीच्या फुलावर माशी बसते, शेजारच्या वावरातल्या तुरीचा थोडा पराग आणून टाकते, म्हणून दर पेऱ्यागणिक तूर किंचित बदलत जाते. हे डबे कधीतरी एका घरातून निघाले होते, पण वेगवेगळ्या वेळी. आईच्या डब्याची काडी झरी जामणीच्या डब्याला लागूनच फुटली होती, पण त्या फांदीवर सगळ्यांत लांब वाढली होती. म्हणजे आईची तूर फार पूर्वीच वेगळी पडली होती, बहुधा माझ्या जन्माच्याही आधी. पण कशी निघाली, कुणी नेली, हे अक्षरांत लिहिलेलं नसतं. ते माणसांनाच विचारावं लागतं.

मंगळवारी मी केळापूर तालुक्यातल्या एका घरी गेले, त्या फांदीवरच्याच. घरचे दादा ओसरीवर होते. मी पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं. बापजाद्यापासून. मग ते वावरात गेले. वहिनी मागच्या अंगणात ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. साठीकडे झुकलेल्या, बोटं भराभर चालणारी. रिकामं बसवेना म्हणून मीही शेंगा सोलायला लागले. अर्धी टोपली झाल्यावर त्या खालमानेनंच म्हणाल्या, "तूर त्यायच्या बापजाद्याची नाही, म्याडम. माह्या मायची हाय."

माझा हात थांबला.

"लग्नानंतर पयल्या पेरणीले माहेरून आली तवा मायनं माह्या पदरात बांधून देल्ली. आमच्या इकडं तसंच असते. कपाशीच्या ओळीमंधात तुरीचं तास आम्हीच टोबतो न. बीही आम्हीच ठेवतो, राखेत घालून. पुरुषायले काय ठाऊक, डब्यात कोणती हाय अन् शेतात कोणती."

"मग मागच्या वेळी काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही मले कुठं इचारलं? त्यायले इचारलं. वावर त्यायचं, नाव त्यायचं. म्या मनलं, लिहून राह्यल्या तं लिहू द्या."

मी विचारलं, माहेर कुठलं. त्यांनी झरी जामणीतलं तेच गाव सांगितलं. आमच्या चौसष्ट नंबराला लागून बसलेलं. मला स्वतःची लाज वाटली. मी चौसष्ट घरांत गेले होते, चौसष्ट घरांत चहा प्यायले होते, आणि चहा आणून देणाऱ्या एकीलाही काही विचारलं नव्हतं. माझीच आई धरून.

बुधवारचा सगळा दिवस फोनवर गेला. फॉर्मवरचे फोन नंबर पुरुषांचे. "जरा वहिनींना देता का" असं दर वेळी म्हणावं लागे आणि पलीकडे दर वेळी थोडं संशयी खाकरणं ऐकू येई. कॉम्प्युटर काय म्हणतो ते मी कुणालाच सांगितलं नाही. फक्त विचारलं, तूर कुणी दिली आणि कधी. ऐकलं तसं कागदावर मांडत गेले: आईनं लेकीला, आत्यानं भाचीला, थोरल्या जावेनं धाकटीला. पांढरकवड्याच्या एका गॅरेजवाल्यांच्या घरच्या भाभी म्हणाल्या, "वो मेरी सहेली की माँ ने दी थी. हम दोनो का ब्याह एकीच साल हुआ. उन्होने दोनो के पल्लू में बांधी." ती सहेली म्हणजे केळापूरच्या वहिनी. दोघी एकाच गावच्या लेकी.

संध्याकाळी मी कागद कॉम्प्युटरच्या पडद्याशेजारी धरला. मी नास्तिक वगैरे म्हणवून घेते, पण त्या वेळी माझे हात जोडले गेले असते तर मला नवल वाटलं नसतं. माय आधी, लेक नंतर, नात त्याच्या पुढे. दोन बहिणी जिल्ह्याच्या दोन टोकांना दिलेल्या, त्यांच्या तुरी पडद्यावर एकमेकींना लागून. गॅरेजवाल्या भाभींची तूर मैत्रिणीच्या तुरीच्या मांडीला मांडी लावून. घरोघरच्या वंशावळींत लेकींची नावं कुणी लिहीत नाही. बापाच्या खाली मुलगा, मुलाच्या खाली मुलगा, आणि लेक म्हणजे मोकळी जागा. ती सगळी मोकळी जागा या यंत्रानं भरून काढली होती, आणि त्याला बाई म्हणजे काय, लग्न म्हणजे काय, काहीसुद्धा ठाऊक नव्हतं. त्यानं फक्त अक्षरं मोजली होती. बायका तूर पेरत गेल्या, माशा फुलांवर बसत गेल्या, आणि त्या दोघींनी मिळून हिशेब चोख ठेवला होता.

अठरा डब्यांचा उलगडा झाला. राहिला एक, आणि नेमका तोच माझ्या घरचा. सर तेवढ्याच डब्यावर बोट ठेवणार हे मला दिसत होतं. मी आईला फोन लावला.

"आई, आपली तूर तुला कुणी दिली?"

तिनं हातातलं सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "माह्या काकूनं. लग्नात पदरात बांधली अन् मनली, ही तुह्या मायची हाय, जपजो. माही माय तं मी तीनेक वर्षाची असतानाच गेली. मले तिचं तोंडही आठोत नाही."

"तुझ्या आईचं माहेर कुठलं?"

"ते कोणी सांगतलंच नाही बाई. बाबानं दुसरं केलं, मंग तिकडचं नाव घरात कोणी काढे नाही. तिकडूनही कोणी मले पाह्याले आलं नाही. म्याही मंग आस सोडली."

आईचं माहेर आर्णीकडचं. आजोळ तिला नव्हतंच, एवढंच मला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि त्यात विचारण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. मी तिला पडद्यावरच्या शेजारच्या काडीबद्दल सांगितलं. तिनं फोन ठेवला, आणि त्याच रात्री उशिरा एसटीनं यवतमाळला माझ्या दारात हजर झाली. हातात पिशवी, पिशवीत तुरीचा डबा.

गुरुवारी आम्ही दोघी झरी जामणीतल्या त्या गावी गेलो. केळापूरच्या वहिनींचं माहेर म्हणजे तो शेजारचा डबा जिथून आला तेच घर, आणि वहिनींनी आपल्या आईला आधीच कळवून ठेवलं होतं. आजी ऐंशीच्या पुढच्या, मागच्या अंगणात उन्हाला बसलेल्या. कान धड, डोळे अधू. मी आईच्या आईचं नाव सांगितलं आणि विचारलं, या नावाची मुलगी इथून आर्णीकडे दिली होती का.

"नाही बाप्पा," आजी म्हणाल्या. "त्या नावाची आमच्या गावात कोणीच नव्हती."

मी दोन-तीन वेगळ्या तऱ्हांनी विचारलं. नाहीच. आईनं डब्याची पिशवी मांडीवरून उचलली, पदर सावरला आणि उठली. सरांचा शुक्रवार डोळ्यांपुढे होता, पण त्याहून जास्त आईची पाठ दिसत होती. तिला इथवर ओढून आणल्याचा मला पश्चात्ताप झाला.

तेवढ्यात आजी आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "आर्णीकडं एक गेलती. माही नणद. पर तिचं नाव ते नव्हतं. आमची तं..." आणि त्यांनी एक दुसरंच नाव घेतलं.

आई उभीच राहिली.

लग्नात नवरीचं नाव बदलतात. हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे. आमच्या केंद्रातही डबा आला की गावाचं नाव पुसून त्यावर नंबर घालतो आणि मग तीच त्याची ओळख होते. आईला ठाऊक होतं ते तिच्या आईचं सासरचं नाव, आणि सासरच्या नावानं माहेरी विचारलं तर कोण ओळखणार? इतकी शिकलेली मी, ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

"लहान पोरगी टाकून गेली ती," आजी सांगत राहिल्या. "तीन वर्साची होती पोर. तिचे दोघं भाऊ, माह्ये मालक अन् भासरे, बैलबंडी जुंपून न्याले गेलते तिले. दोन डाव गेलते. मनले, पोरगी आमच्याकडं द्या, आम्ही वाढवतो. नाही देल्ली त्यायनं. दुसऱ्या डावी तं दारातूनच वापस पाठोलं. मंग भांडण झालं, येणं-जाणं बंद झालं. माह्ये मालक मरेस्तोवर मने, पोरगी कशी असन."

आई खाली बसली. "दोन डाव?" तिनं विचारलं.

"व्हय. दोन डाव."

मी आईला रडताना फार थोड्या वेळा पाहिलं आहे. ती रडली, आणि रडता रडता डब्याचं झाकण उघडून तूर आजींच्या हातावर ओतली. आजींनी ती बोटांनी चाचपली, एक दाणा दाताखाली धरला. म्हणाल्या, "आपलीच हाय." मग त्यांनी चाचपडतच आईचा चेहरा जवळ ओढला. केळापूरच्या वहिनी म्हणजे आईची सख्खी मामेबहीण. माझी मावशी. तिच्या अंगणात अर्धी टोपली शेंगा सोलून मी तिला वहिनी म्हणून आले होते.

शुक्रवारी मी आईला केंद्रात घेऊन गेले. सरांनी माझा कागद पाहिला, पडद्यावरची फांदी पाहिली, पुन्हा कागद पाहिला. बराच वेळ लावला. सर वाईट नाहीत, फक्त तुरीवर त्यांचा माणसांपेक्षा जास्त विश्वास आहे, आणि या वेळी तूर माझ्या बाजूनं होती.

"डबे बरोबर होते," ते म्हणाले. "फॉर्म चुकला होता. माझाच होता तो फॉर्म. एक रकाना वाढव. बियाणं घरात कुणी आणलं." पुन्हा 'तू'वर आले होते.

आई पडद्यासमोर उभी होती. मी तिला तिची काडी दाखवली, शेजारची तिच्या मामाच्या घरची दाखवली, आणि जिथे दोन्ही एकत्र येतात तो सांधा दाखवला. तिनं त्या सांध्यावर बोट ठेवलं. "इथं माय हाय का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, हो, तिथंच.

"मंग याच्यात तिचं नाव काहून नाही?"

"कॉम्प्युटरला नातं कळतं, आई. नाव नाही कळत."

"मंग आपुन लिहू."

चौसष्ट नंबरचा फॉर्म मी काढून दिला. 'बापजाद्यापासून' हे माझं उत्तर तिनं एका रेघेनं खोडलं, आणि नव्या रकान्यात तिच्या आईचं माहेरचं नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर दाबून. ते नाव मी इथे लिहीत नाही. जन्मभरात पहिल्यांदा तिला ते एका दिवसापूर्वी मिळालं होतं. लिहून झाल्यावर तिनं कागद सरांकडे दिला आणि विचारलं, "हे आता कोणी बदलणार तं नाही न?"

"नाही, काकू," सर म्हणाले.